जावयाच्या बंडीचं माप

माझी भावजय अल्विना फार शांत बाई आहे, असं आमच्या वान्बलीच्या आदिवासी वस्तीत सगळे म्हणतात. त्यांनी तिच्या घरी कधी केर काढलेला नाही. मी काढलाय, एकदाच. झाडूचे दोन फटकारे मारले असतील नसतील, तोच ही बाई खुर्चीतून अशी उसळली की मला वाटलं, स्टोव्ह भडकला. "बर्निस! तो केर टाकलास तर बघ!" मग आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून केरातून मणी वेचत राहिलो. मोहरीएवढे मणी. एकूण निघाले बारा, त्यांतला एक तांदळाची कणी होती. तीसुद्धा तिनं धुतली, पुसली, खिडकीपाशी उजेडात धरून पाहिली आणि मगच नाइलाजानं कुत्र्याला दिली.

तिच्याकडे जेवायला बसलं की वाळल्या मांसाच्या सूपातही दाताखाली मणी येतो. निळा आला तर ती म्हणते, "अगंबाई, हाच शोधत होते," आणि तुमच्यापुढे हात पसरते. तिच्या मुलीच्या, ट्वायलाच्या, लहानपणी दवाखान्यातल्या नर्सनं तिच्या नाकातून एक पिवळा मणी काढला होता. अल्विनानं मुलीला घरी आणायच्या आधी तो मणी मागून घेतला. माझा भाऊ सायलस, म्हणजे तिचा नवरा, गमतीनं म्हणायचा की मी मेल्यावर मला नीट झटकून घ्या, अर्धा डबा तरी निघेल.

पण काम असं करते की बघत राहावं. हरणाचं कातडं ती स्वतः कमावते, हरणाचाच मेंदू चोळून, धुरी देऊन, आमच्या आजी-पणजी करायच्या तसं. त्यावर मण्यांच्या ओळी, सात-सात मण्यांच्या, एकीला लागून दुसरी, नांगरलेल्या रानासारख्या. सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही. वरचा पापुद्रा उचलायचा आणि त्याच्या आतून हळूच काढायची. मागून पाहिलं तर एक टाका दिसता कामा नये. "आरपार शिवतात ती गोणपाटं," असं ती म्हणते, आणि नेमकं माझ्याकडे बघून म्हणते. माझी सुई आरपार जाते. जाऊ दे. आमच्यात नणंदा-भावजयांनी एकमेकींना टोमणे मारायचेच असतात, नाही मारले तर लोक विचारतात की भांडण झालंय का.

आता तिच्या जावयाचं सांगते, कारण गोष्ट त्याच्या बंडीची आहे.

जावयाचं नाव लेलँड. शाळेची बस चालवतो. ट्वायलाशी लग्न झालं त्या दिवसापासून सासू-जावई एकमेकांशी एक अक्षर बोललेले नाहीत, आणि यात वाईट काहीच नाही. आमच्यात जावयानं सासूशी बोलायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, सासूनंही तसंच. मान राखायची ती रीत आहे. हल्लीची पोरं विसरत चाललीत, पण ही दोघं म्हणजे कट्टर. शिवाय आमच्यात मावशी म्हणजे आईच, आणि ट्वायलाला मावश्या तीन. म्हणजे बिचाऱ्याला एकूण चार सासवा. सणाच्या जेवणात चार दिशांना चार सासवा बसल्या की हा आपल्या ताटातल्या बटाट्याकडे बघत जेवतो. मी ट्वायलाची आत्या. आत्येला हा नियम लागू होतो की नाही यावर दुमत आहे. मी तो सोयीचा असेल तेव्हा पाळते.

बोलायचं नाही म्हणजे कामं थोडीच अडतात? दोघं कुत्र्याशी बोलायची. कुत्र्याचं नाव बलोनी, कारण पिल्लू असताना त्यानं त्या नावाचा अख्खा सॉसेज पळवला होता. लेलँड दारात आला की अल्विना भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "बलोनी, कुणाला कॉफी हवी असेल तर भांड्यात आहे." लेलँड जमिनीकडे बघत म्हणायचा, "बलोनी, कुणाच्या छपराचा पत्रा सुटलाय, मी उद्या शिडी आणतो." कुत्रं बिचारं एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायचं. दर निरोपाला त्याला वाटायचं आता काहीतरी खायला मिळणार, आणि बहुतेकदा मिळायचंही. चौदा वर्षांत ते इतकं फुगलं की पाहुणे त्याला डुक्कर समजायचे.

तर एकोणनव्वद सालच्या जानेवारीत ठरलं की ऑगस्टच्या नाचाच्या मेळ्यात सगळ्या पुरुषांच्या पुढे नाचायचा मान लेलँडला द्यायचा. मोठा मान आहे. त्याला साजेसं अंगावर काही हवं, आणि लेलँडकडे होती मामाची जुनी बंडी, तिच्यातून इतके मणी गळाले होते की पाठीवरचा घोडा तीन पायांचा झाला होता.

ही बातमी घेऊन मी अल्विनाकडे गेले. तिनं सुई कॉलरला टोचून ठेवली. ती फार गंभीर झाली की असं करते.

"बंडी मी करणार," ती म्हणाली. "पुढून मागून, पूर्ण मण्यांनी भरलेली. एक बोट कातडं दिसू देणार नाही."

"सहा-सात महिन्यांत? डोळे जातील तुझे."

"जाऊ देत. मला त्याला दोन शब्द बोलायचेत, बर्निस. सायलस गेला तेव्हापासूनचे तटलेत."

तीन वर्षांपूर्वी, जानेवारीतच, माझा भाऊ गेला. जमीन लोखंडासारखी गोठलेली. कबर खोदायचं यंत्र नादुरुस्त, लोक म्हणाले चार दिवस थांबा. लेलँड एकटा पहार आणि कुदळ घेऊन टेकडीवर गेला. दोन दिवस खणत होता. वरून खाली आला तेव्हा हातांची सालटं निघाली होती. त्यानं ते खिशात घातले आणि सासूच्या दारात लाकडं फोडून ठेवायला गेला. अजून ठेवतो. रोज ठेवतो, दार वाजवतो आणि पळतो. त्याबद्दल अल्विना त्याला एक शब्द बोलू शकलेली नव्हती.

"बलोनीला सांग की," मी म्हटलं. मला असे प्रसंग झेपत नाहीत.

"हे कुत्र्याकरवी सांगायचं नसतं," ती म्हणाली.

म्हणून बंडी. ती त्यानं अंगात घातली, सगळ्यांसमोर, की हिचं बोलून झालं. आता कळलं ना, ती नीट बसणं किती गरजेचं होतं?

आणि मापाचं काय? चौदा वर्षांत तिनं जावयाचे फक्त पाय पाहिलेले. खाली मान घातलेल्या बाईला दुसरं काय दिसणार? पाय मात्र तिला पाठ. त्याच्यासाठी ती मोकासिन, म्हणजे कातड्याचे मऊ जोडे, करायची, ते न मोजता असे बसायचे की जणू कातडीच. बाकीचा लेलँड तिनं शेवटचा नीट पाहिला होता लग्नाच्या आदल्या आठवड्यात. तेव्हा तो म्हणजे कुंपणाचा खांब. चौदा वर्षांत पाय काही वाढले नाहीत, म्हणजे वरचा माणूसही वाढला नसणार, असा तिनं सरळ हिशेब केला. ट्वायलाला विचारायची सोय नव्हती, कारण ट्वायलाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत पेट्रोल पंपावर कळतं. जावयाच्या पोटाची चौकशी करणं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं. तरी एकदा ती धाडस करून भिंतीला म्हणाली, "खातो ना गं नीट?"

"पाखरासारखा खातो," मी म्हटलं.

आता ही थट्टा होती! लेलँडला जेवताना पाहिलेल्या कुणालाही कळली असती. आदल्याच रविवारी त्यानं नऊ तळलेल्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या आणि दहावीवर सरकारी चीज ठेवून मग विचार करत बसला होता. पण तिनं त्याला कधी जेवताना पाहिलंच नव्हतं. ती ताटाकडे बघायची. आणि त्याचं ताट कायम रिकामंच असायचं.

जूनच्या सुरुवातीला बंडी झाली. तिनं ती पलंगावर पसरून मला दाखवली, आणि मी वाकून नुसती बघत राहिले. पांढऱ्या मण्यांचं रान, त्यावर निळे डोंगर, डोंगरांच्या पोटात लाल आणि जुन्या लोण्यासारखा पिवळा. हलवली की पाण्यासारखी चमकायची. आणि मापाला इतकी अरुंद की लेलँडच्या एका मांडीला छान बसली असती.

"का गं, आवडली नाही?" तिनं विचारलं.

"फार आवडली," मी म्हटलं आणि परसाकडचं निमित्त करून पळाले.

सरळ लेलँडकडे गेले. तो बसखाली झोपून काहीतरी पिळत होता. मी त्याच्या पायांना सगळं सांगितलं. तो सरपटत बाहेर आला. पोट सगळ्यात शेवटी आलं.

"केवढी आहे, आत्या?"

मी हातानं दाखवली. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं.

"त्यांना सांगू नका," तो म्हणाला. "मी कमी होतो."

"किती कमी होशील रे? तुझा अर्धा भाग गावात ठेवून यावा लागेल."

"होतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवसापासून तो रस्त्यानं पळायला लागला. आमच्याकडे गाडी बंद पडल्याशिवाय कुणी रस्त्यानं पळत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात बाराजणांनी गाडी थांबवून त्याला बळेच आत घेतलं आणि घरी सोडलं. एका म्हातारीनं तर सोडता सोडता पाव आणि जॅमही खाऊ घातला. मग तो कुणी गाडी थांबवली की गवतात लपायला लागला, तर बातमी पसरली की लेलँड पोलिसांना चुकवतोय. जेवणात भाकरी नाकारली म्हणून ट्वायला दोन दिवस रडली. तिला वाटलं याला एक तर मोठा आजार आहे किंवा दुसरी बाई. "दुसरी बाई असती तर जाडच झाला असता," मी तिला समजावलं, पण तिचं समाधान झालं नाही.

आणि मग जूनच्या शेवटी मी त्याला पेट्रोल पंपावर पाहिलं. गाडीत बसून, खिडकीची काच वर करून, साखर घोळलेला डोनट खात होता. डोळे मिटलेले. मला वाटलं, झालं, याचं काही खरं नाही. मेळ्यात हा गावासमोर उभा राहणार, बंडी खांद्यात अडकणार, आणि माझी भावजय खाली मान घालून लोकांचं हसू ऐकणार.

मी तडक तिच्याकडे गेले आणि सगळं ओकले. पाखरू, पोट, नऊ भाकऱ्या, सगळं. फक्त त्याच्या पळण्याचं सांगितलं नाही, कारण डोनट पाहिल्यावर ते सांगण्यात अर्थ वाटला नाही.

तिनं सुई कॉलरला टोचली. मग म्हणाली, "म्हणजे मी चौदा वर्षं कुणाला सूप वाढत होते?"

"जाड्याला."

"किती जाड? दाखव."

मी दाखवलं. आता माझाच अपराध होता, तेव्हा हात थोडे सढळ पसरले गेले असतील. तिनं बंडीच्या बगला उसवल्या. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्याच हरणाचं उरलेलं कातडं काढलं आणि दोन्ही बाजूंना वीत-वीतभर पट्ट्या जोडायच्या ठरवल्या, त्याही मण्यांनी भरलेल्या, डोंगराला डोंगर जुळवून. सहा आठवडे ती खुर्चीतून उठली नाही. बोटांना चिरा पडल्या. मी स्वयंपाक केला, केर काढला नाही.

तिनं बंडी उसवली त्याच आठवड्यात लेलँड वणवा विझवणाऱ्या तुकडीबरोबर मोंटानाला गेला. उन्हाळ्यात आमचे बरेच पुरुष जातात. तो परत आला तो मेळ्याच्याच सकाळी.

मी त्याला मंडपामागे पाहिलं आणि ओळखलंच नाही. डोंगरांत सहा आठवडे फावडं मारून, धूर खाऊन, माणसाची पाचर झाली होती. गाल आत, मान बारीक. पोट तर गायबच. तो माझ्याकडे बघून हसला.

"कमी झालो, आत्या. तो एक डोनट सोडला तर मी काही म्हणजे काही खाल्लं नाही."

मी मनातल्या मनात त्या वीत-वीतभर पट्ट्या मोजल्या. तेवढ्यात ट्वायला गोधडीत गुंडाळलेली बंडी घेऊन आली. त्यानं ती उलगडली, आणि किती तरी वेळ नुसता हात फिरवत राहिला. मग अंगात घातली. बंडीत तो मावला, आणि शेजारी अजून एक लेलँड मावला असता. डोंगर बगलेत दुमडले गेले. चालला की बंडी आधी वळायची आणि हा नंतर.

"मोठी आहे," ट्वायला म्हणाली.

"छान आहे," लेलँड म्हणाला. "मी हात असे पोटावर धरून नाचेन."

"पोट दुखल्यासारखा? सगळ्यांच्या पुढे?" मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते, आणि मला रडू आलं की मी अंगावर धावून जाते.

अल्विना दहा पावलांवर घडीच्या खुर्चीत बसली होती, नजर जमिनीवर. तिला त्याचे मोकासिन दिसत होते, आणि त्यांच्यावर हलणारी बंडीची सावली. त्या सावलीवरून तिला सगळं कळलं असणार. एवढी रुंद सावली, आणि तिच्याखाली दोन काटक्या. मैदानात ढोलवाल्यांनी दांडे हातात घेतले होते. पुकारा झाला, नाचणाऱ्यांनी रांग धरायला सुरुवात केली. मैदानात कुत्र्यांना बंदी, त्यामुळे निरोपालाही कुणी नव्हतं.

ती उठली. कॉलरची सुई काढली.

"गोधडी धरा," ती हवेला म्हणाली.

मी आणि ट्वायलानं चांदणीच्या नक्षीची ती गोधडी त्या दोघांमध्ये आडवी धरली. लेलँड पलीकडे, पाठ करून, हात वर करून उभा. अल्विनानं अलीकडून गोधडीखालून दोन्ही हात घातले, चाचपून बंडीच्या बगला पकडल्या, जास्तीचं कातडं आत मुडपलं आणि बघता बघता शिवायला लागली. न बघता, नुसत्या बोटांनी. डोंगर डोंगराला भिडवून. डावी बाजू झाली. मैदानातून दुसरा पुकारा झाला. उजवी बाजू घाईत सुरू झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावजयीची सुई आरपार गेली.

"आई गं!" लेलँड ओरडला.

"झालंच हं, बाळा, हलू नकोस," अल्विना म्हणाली.

आणि सगळंच थांबलं. सुई थांबली. ट्वायलाच्या हातातून गोधडी सुटता सुटता राहिली. लेलँडचे वर केलेले हात तसेच वर. त्याच्या मानेवर घाम आला होता. अल्विनानं डोळे मिटून घेतले होते, आणि तिचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं ही आता पडते. चौदा वर्षं पाळलेला मान तिच्याच तोंडून मोडला होता, आणि तोही या दिवशी.

रांगेच्या तोंडाशी एनॉक आजोबा होते. मेळ्याची शिस्त त्यांच्याकडे. रीत मोडलेली त्यांना बहिऱ्या कानानंसुद्धा ऐकू येते. ते काठी टेकत आले.

"कोण बोललं?"

रांगेतले सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले.

"मी," मी म्हटलं.

"हा तुझा बाळ?"

"माझ्याहून लहान सगळे माझे बाळ. तुम्ही पंधरा वर्षांनी लहान असता तर तुम्हीही."

"आणि 'आई गं'?"

"तेही मीच. सुई टोचली मला."

आजोबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात गोधडी धरून वर होते.

"कुठे टोचली?"

"आजोबा," मी म्हटलं, "ती जागा दाखवायला लागले तर मेळा बंद करावा लागेल."

रांगेतली माणसं फिस्सकन हसली. आजोबांनी गोधडीखालून दिसणाऱ्या अल्विनाच्या हातांकडे पाहिलं. ते अजून बंडीला धरून होते, सुई बोटांत तशीच.

"बर्निस," ते म्हणाले, "तुझा आवाज पुरुषासारखा आहे, हे मी नेहमी म्हणत आलोय." आणि काठी टेकत परत गेले.

अल्विनानं शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला. लेलँड न वळता मैदानाकडे चालायला लागला. ढोल सुरू झाले. तो सगळ्यांच्या पुढे नाचला, पाठ ताठ, आणि बंडी त्याच्या अंगाला अशी बसली होती की जणू तो तिच्यातच जन्माला आला. लोक उभे राहिले. अल्विना उभी राहिली नाही. ती त्याच्या पायांकडे बघत बसली होती, आणि अश्रू हनुवटीवरून टपटपत होते. ती पुसत नव्हती.

परतताना मी गाडी चालवत होते, ती शेजारी.

"फार जोरात टोचलं असेल का गं त्याला?" तिनं विचारलं.

"विचारून येऊ?"

"नको," ती म्हणाली. "तू कुठेही जायचं नाहीस."